चिमूटभर जस्त आणि चार कोऱ्या ओळी

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले की घरातल्या प्रत्येकाची नजर वेगळ्या जिन्नसाकडे वळते. आजोबांना बेसनाचा लाडू हवा असतो, मुलांना चकली हवी असते, आणि पाहुणे "काही नको, थोडा चिवडाच द्या" म्हणत असतात. पण या ताटातल्या मंडळींची चौकशी केली, तर बहुतेकांचे गोत्र एकच निघते. लाडू हरभऱ्याच्या डाळीचा, शेवही तिचीच. चकलीच्या भाजणीत तांदळाला हरभरा, उडीद आणि मूग यांची साथ. चिवड्यात डाळे आणि शेंगदाणे. करंजी, अनारसे आणि शंकरपाळे एवढे वगळले, तर आपली दिवाळी ही शेंगेत पिकणाऱ्या दाण्यांची दिवाळी आहे. आणि दिवाळी सरली तरी रोजचे वरण काही सुटत नाही.

हा दाणा आपल्या ताटात येतो तो कोठून, आणि शेतात तो नीट भरावा म्हणून त्याच्या झाडाला काय खाऊ घालतात, याची शहरातल्या घरांत सहसा चर्चा होत नाही. ती आज करू. विषय ऐकायला जरा रुक्ष आहे: कडधान्याच्या पिकाच्या पानांवर सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी. परंतु त्यात एक फार जुने कोडे आहे, काही चतुर माणसे आहेत, आणि शेतकऱ्याच्या खिशातले पैसे आहेत.

खाचरातला वाल, गोणीतली तूर

नवी मुंबईत नेरुळच्या पश्चिम अंगाला, खाडीच्या काठी सारसोळे नावाचे गाव आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि बेलापूर पट्टीतल्या गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. जेथे भाताची खाचरे आणि मिठागरे होती, तेथे सेक्टर आले, मोठे रस्ते आले, उंच इमारती आल्या. सारसोळ्याच्या जेटीवरून कोळ्यांच्या होड्या अजून खाडीत जातात. पण नांगर धरायला जमीन म्हणून उरलेली नाही.

या ठाणे आणि कुलाबा भागात (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) भात कापून झाला की खाचरातल्या उरल्या ओलीवर वाल पेरण्याचा प्रघात होता. रायगडच्या गावांतून तो अजूनही आहे. ना पाणी, ना फारशी मशागत. थंडीचे दव आणि जमिनीतली ओल यांवर वाल येतो. त्याच्याच डाळिंब्या, त्याचेच बिरडे, आणि थंडीत शेतात मडके उपडे घालून भाजलेली पोपटीही त्याच्याच शेंगांची.

आज सारसोळ्याच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबाची डाळ काही किलोमीटरांवरच्या तुर्भ्याच्या दाणाबाजारातून येते. मुंबईत मशीद बंदराजवळ असलेला हा घाऊक बाजार गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे हलवण्यात आला. मराठवाड्यातली तूर, विदर्भातला हरभरा, शिवाय म्यानमार आणि आफ्रिकेतून बोटीने आलेली तूर अशा गोण्या तेथे थप्पीला लागतात. जगात सर्वांत जास्त कडधान्ये पिकवणारा देश आपलाच, सर्वांत जास्त खाणाराही आपलाच, आणि तरीही बाहेरून आणणाराही आपलाच, असा हा संसार आहे. २०१५ साली तुरीची डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा वरण पातळ झाल्याचे अनेक घरांना आठवत असेल. पुढच्याच हंगामात पीक उदंड आले. मग ५,०५० रुपये क्विंटलच्या हमीभावाने तूर घालण्यासाठी शेतकरी खरेदी केंद्रांबाहेर दिवसचे दिवस रांगा लावून बसले. एका वर्षी खाणारा रडला, दुसऱ्या वर्षी पिकवणारा.

अशा पिकावर शेतकरी जो पैसा खर्च करतो, तो फार मोजून करतो. म्हणूनच दुकानदाराने पुढे केलेली फवारणीची बाटली घ्यावी की न घ्यावी, हा त्याच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न नव्हे.

बेवड आणि लाल गाठी

शेतकऱ्याच्या बोलीत 'बेवड' नावाचा एक शब्द आहे. शहरी मराठीतून तो जवळजवळ हद्दपार झाला आहे. आधीच्या पिकाचा जमिनीत मागे राहिलेला गुण म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, भुईमुगाचा बेवड चांगला, असे जुने शेतकरी सांगत आले. त्यामागचे कारण १८८६ ते १८८८ या वर्षांत हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत सूक्ष्म जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात.

ही कामगिरी केवढी, याची कल्पना यावी म्हणून एकच तुलना करतो. युरियासाठी लागणारा अमोनिया कारखान्यात बनवताना चारशे अंशांच्या पुढची उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. तेच काम तुरीचे रोप, पायाखालच्या मातीत, बिनबोभाट करते. रोप महिन्याचे झाल्यावर अलगद उपटून त्याच्या मुळावरची गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी-लाल दिसली तर गाठ कामावर आहे असे समजावे. पांढरी वा हिरवट असेल तर ती अजून कामाला लागलेली नाही, किंवा तिचे काम संपले आहे. हा लाल रंग कशाचा? आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचेच एक भावंड या गाठींत असते. त्याला लोखंड लागते. आणि नत्राचा रेणू फोडणारे जे विकर जिवाणूंत असते, त्याला लोखंडाबरोबर मॉलिब्डेनम नावाचा दुसरा एक धातू लागतो.

येथे मुद्दा ध्यानात येईल. ज्वारीला वा गव्हाला नत्र जमिनीतून आयता मिळाला की त्यांचे भागते. कडधान्याने मात्र घरातच कारखाना घातलेला आहे, आणि कारखाना म्हटला की त्याचे सुटे भाग आले. हे भाग वजनाने नगण्य असतात. पण त्यातला एखादा नसला तर सारा कारखाना मंदावतो.

मिठाएवढे लागणारे

झाडाला नत्र, स्फुरद आणि पालाश हे हेक्टरी किलोंच्या हिशेबाने लागतात. लोखंड, जस्त, मँगनीज, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम ही अन्नद्रव्ये त्यांच्या मानाने अगदी थोडी लागतात, म्हणून त्यांना सूक्ष्म म्हणतात. गृहिणींना हे अधिक समजावून सांगायला नकोच. आमटीत डाळ वाटीने पडते आणि मीठ चमच्याने. पण मीठ राहून गेले तर वाटीभर डाळ वाया जाते, आणि दुप्पट पडले तरी वाया जाते. सूक्ष्म अन्नद्रव्यांचेही तसेच आहे. बोरॉनच्या बाबतीत तर कमी आणि जास्त यांच्यामधले अंतर फारच थोडे असते.

हे कळले कसे, याची कथा मोठी सुरस आहे, आणि योगायोग असा की तिच्या आरंभी एक शेंगेचेच झाड आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन ही तरुण संशोधिका घेवड्याच्या जातीचे एक झाड कुंड्यांतल्या पोषक पाण्यावर वाढवून पाहत होती. सर्व ज्ञात खते घालूनही झाडे खुरटत आणि त्यांचे शेंडे मरत. काही कुंड्यांत तिने बोरिक आम्लाचा केवळ लवलेश घातला. ती झाडे वाढली, फुलली. बोरॉनवाचून हे झाड जगत नाही, हे तिने १९२३ साली सिद्ध केले. भुईमुगाचा दाणा फोडला असता कधी कधी आत काळपट पोकळी दिसते. दाणा किडका आहे असे समजून आपण तो टाकून देतो. पुष्कळदा तो किडीचा दोष नसतो. जमिनीत बोरॉन कमी पडल्याची ती खूण असते.

मॉलिब्डेनमची गोष्ट ऑस्ट्रेलियातली. तेथे काही कुरणांत शेंगवर्गीय गवत काही केल्या वाढत नसे. मात्र लाकडाची राख पडली की ते तरारून येई. ए. जे. अँडरसन या शास्त्रज्ञाने त्या राखेचा माग काढला आणि १९४२ साली उत्तर मिळाले: जमिनीत मॉलिब्डेनम नव्हते. एकराला काही औंस एवढ्या मात्रेने ओसाड माळ हिरवा झाला. कोकणात राब भाजून त्या राखेवर भाताची रोपे करणाऱ्यांना राखेचे मोल कोणी शिकवले नव्हते. पण राखेत नेमके काय आहे असे विचारणारा माणूस भेटावा लागतो, तेव्हा गोष्ट पुढे सरकते.

पानाला तोंड असते काय?

वाचक म्हणतील, ठीक आहे. मग ही चिमूट खताबरोबर मुळाशीच का घालू नये? पानावर शिंपडणे म्हणजे भुकेल्या माणसाच्या अंगाला तूप चोळण्यासारखे नाही का?

याचे उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांतली काळी जमीन चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहे. अशा जमिनीत लोखंड आणि जस्त नसते असे नव्हे. असते, पण कुलपात असते. मुळांना ते विरघळलेल्या रूपात मिळत नाही. वरून घातलेलेही थोड्याच दिवसांत कुलपात जाऊन बसते. म्हणून चुनखडीच्या रानात भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसात असे झाले की शेतकरी 'केवडा पडला' म्हणतात. देशात तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्त कमी आढळले आहे. कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीचा प्रकार उलटा. तेथे लोखंड भरपूर. पण बोरॉन पावसाने धुऊन जातो आणि मॉलिब्डेनम त्या आम्लतेत अडकून बसते.

जमिनीचे दार बंद असले तर खिडकीतून द्यावे, ही युक्ती प्रथम एका फ्रेंच रसायनज्ञाला सुचली. १८४४ च्या सुमारास युजेन नव्हे, युसेब ग्री या गृहस्थाने पिवळ्या पडलेल्या पानांना लोखंडाच्या क्षाराचे पाणी लावून पाहिले. जेथे पाणी लागले तेथे पान हिरवे झाले. बाकीचे पिवळेच राहिले. पुढे शंभर वर्षांनी, १९५० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेत मिशिगन येथे ट्युकी आणि विटवर यांनी किरणोत्सर्गी खते पानांवर लावली. ती पानातून आत शिरतात आणि झाडात इतरत्र प्रवास करतात, हे त्यांना यंत्राने मोजता आले. पानाला तोंड नसले, तरी त्याच्या मेणचट कातडीला अतिसूक्ष्म वाटा असतात. पृष्ठावरची रंध्रेही थोडी मदत करतात. थेंब ओला आहे तोवरच हे शोषण चालते. म्हणून फवारणी सकाळी वा सायंकाळी करावयाची, भर उन्हात नव्हे.

आपल्या देशातली कथा तर याहून रंगतदार आहे. हिमालयाच्या पायथ्याशी तराईच्या भागात भाताला 'खैरा' नावाचा रोग पडे. पाने तांबूस होत, रोपे खुजी राहत. पंतनगरच्या कृषि विद्यापीठात यशवंत नेने हे वनस्पतिरोगांचे अभ्यासक होते. एखादा जंतू वा विषाणू सापडेल या अपेक्षेने शोध चालला होता. रोगकारक काही सापडेना. १९६६ साली नेने यांनी दाखवून दिले की हा रोग नसून जस्ताची उणीव आहे. जस्ताचा क्षार आणि चुना यांचे पाणी पानांवर फवारले की भात सुधारे. हेच नेने पुढे हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत गेले आणि तुरीच्या व हरभऱ्याच्या रोगांवर त्यांनी मोलाचे काम केले.

फुलोऱ्यातली निकड

कडधान्याला पानावाटे खाऊ घालण्याची वेळही ठरलेली आहे: फुले येताना आणि शेंगा भरताना. तुरीचे झाड हे मोठे उधळे. जेवढी फुले येतात, त्यांतली बहुतेक गळून पडतात. शेंग धरते ती थोड्यांचीच. फुलात परागनलिका वाढण्यासाठी बोरॉन लागतो. शिवाय शेंगा भरू लागल्या की झाडाची साखर तिकडे वळते, मुळांवरच्या गाठींची उपासमार होते आणि त्यांचे काम ढिले पडते. घरात लेकरे वाढीला लागली की आईबापांच्या ताटात कमी पडावे, तसा हा प्रकार. त्यातच आपली तूर आणि हरभरा बहुतांशी कोरडवाहू. जमिनीतली ओल ओसरली की मुळे खत असूनही ते उचलू शकत नाहीत. अशा वेळी पानावरचे चार थेंब उपयोगी पडतात.

म्हणून कडधान्यांच्या फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना युरियाच्या किंवा डीएपी खताच्या २ टक्के द्रावणाची फवारणी सुचवतात. म्हणजे १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम. डीएपी रात्री भिजत घालून सकाळी वरचे पाणी गाळून घ्यावयाचे. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी महाराष्ट्रात दोन मिश्रणे ठरवून दिलेली आहेत. पहिली श्रेणी जमिनीतून द्यावयाची, दुसरी पानांवर फवारावयाची. या दुसऱ्या श्रेणीत जस्त ३ टक्के, लोखंड अडीच टक्के, मँगनीज आणि तांबे प्रत्येकी १ टक्का, बोरॉन अर्धा टक्का आणि मॉलिब्डेनम ०.१ टक्का असते. किलोभर मिश्रणात मॉलिब्डेनम एक ग्रॅम! एकट्या जस्ताचीच उणीव असेल तर झिंक सल्फेटचे अर्धा टक्का पाणी, त्यात निम्मा चुना. पंधरा लिटरच्या पंपाला पाऊणशे ग्रॅम झिंक सल्फेट झाले. हेक्टरी पाचशे लिटर पाणी धरले तर शेतावर पडणारे निव्वळ जस्त सुमारे अर्धा किलो भरते.

याचा परिणाम काय होतो? जेथे उणीव खरोखर आहे, तेथे पाने पुन्हा हिरवी होतात, फांद्या वाढतात, फुले टिकतात, झाडावरच्या शेंगा आणि शेंगेतले भरलेले दाणे वाढतात, आणि दाण्याचे वजनही. मात्र या उपायाच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. लोखंड आणि बोरॉन एकदा पानात शिरले की तेथून सहसा हलत नाहीत; जस्तही फार लांब जात नाही. त्यामुळे नंतर फुटलेले पान पुन्हा उपाशीच असते आणि फवारणी पुन्हा करावी लागते. पानाला चिमूट पचते, मूठ पचत नाही. द्रावण तीव्र झाले तर कडा करपतात. नत्र-स्फुरदाची सारी भूक पानावाटे भागवता येईल, ही आशा तर फोलच.

आयोवाचा धडा

ही आशा एकदा फार मोठ्या प्रमाणावर केली गेली होती. १९७६ साली अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातून गार्सिया आणि हॅनवे यांनी प्रसिद्ध केले की, शेंगा भरताना सोयाबीनच्या पानांवर नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक यांचे द्रावण फवारले असता उत्पन्नात भरघोस वाढ झाली. बातमी वणव्यासारखी पसरली. ठिकठिकाणी लोकांनी तोच प्रयोग करून पाहिला. बहुतेक ठिकाणी वाढ काही झाली नाही. काही ठिकाणी तर पाने करपून उत्पन्न घटले. पहिला प्रयोग खोटा होता, असे यावरून म्हणता येत नाही. त्या जमिनीत, त्या हंगामात जे घडले, ते सर्वत्र घडेलच असे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे हाच धडा तालुक्याच्या बाजारपेठेत रोज गिरवावा लागतो. खतांच्या दुकानातल्या फळीवर रंगीबेरंगी बाटल्या असतात. त्यांतल्या काहींत प्रमाणित अन्नद्रव्ये असतात, काहींत समुद्रशेवाळाचा अर्क वा तत्सम काही. नाव कोणतेही असो, शेतकरी त्या सर्वांना 'टॉनिक' म्हणतो. हा शब्द फार बोलका आहे. औषध घ्यायला आधी रोग ठरावा लागतो. टॉनिक कोणीही, केव्हाही घ्यावे अशी समजूत असते. पिकाला चकाकी आली की पैसे फिटले असे वाटते. पण चकाकी काट्यावर घालता येत नाही. अशा जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले गेले ते २०२१ मध्ये. तोवर त्यांच्या विक्रीवर या आदेशाचा अंकुश नव्हता.

दुसरा धोका माणसाच्या जिवाचा. एकदाच पंप पाठीला लावायचा आहे, तर कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, सारे एकाच पिंपात ढवळून मोकळे व्हावे, असा मोह होतो. त्यातून द्रावण फाटते, पाने करपतात, आणि कशाने काय झाले याचा पत्ता लागत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते विष कीटकनाशकांचे होते, जस्ताचे नव्हे. पण विषाच्या पिंपात निरुपद्रवी म्हणून मिसळलेली वस्तू फवारणाऱ्याच्या अंगावर उडते तेव्हा विषासकट उडते. अनावश्यक फवारणी टाळणे, हा म्हणून केवळ काटकसरीचा भाग नाही.

चार कोऱ्या ओळी

मग शेतकऱ्याने करावे काय? पहिली गोष्ट, माती तपासावी. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजून देण्याची योजना आहे. त्यांत जस्त, लोखंड, तांबे, मँगनीज आणि बोरॉन आहेत. मॉलिब्डेनमचा रकाना मात्र त्यात नाही. ज्या पिकाच्या गाठींना तेच लागते, त्या कडधान्याच्या शेतकऱ्याने ही उणीव ध्यानात ठेवावी.

दुसरी गोष्ट याहून सोपी आणि बिनपैशाची आहे. फवारणी करताना शेताच्या मधल्या भागात चार ओळी कोऱ्या सोडाव्यात. बाकी सारे तेच: तेच बियाणे, तीच पेरणी, तेच पाणी. कापणीच्या वेळी त्या चार ओळींचा माल वेगळा मळावा आणि शेजारच्या फवारलेल्या चार ओळींच्या मालाशी काट्यावर तोलावा. फरक पडला तर पुढच्या वर्षी बाटली घ्यावी. न पडला तर ते पैसे मुलीच्या शाळेला लावावेत. एका वर्षाच्या वजनाने समाधान न झाले तर दुसऱ्या वर्षी पुन्हा सोडाव्यात.

वर सांगितलेल्या कथा पुन्हा आठवून पाहा. वॉरिंग्टनबाईंनी काही कुंड्यांत बोरिक आम्ल घातले नाही, म्हणून घातलेल्या कुंड्यांचा अर्थ लागला. ग्रीने पानाचा काही भाग कोरा ठेवला, म्हणून हिरवा ठिपका दिसला. न फवारलेला खैऱ्याचा भात शेजारी नसता, तर फवारलेला जस्ताने सुधारला की हवापालटाने, हे कोणी सांगावे? प्रत्येक शोधात महत्त्वाचे काम केले ते न दिलेल्या भागाने. आपल्या शेतकऱ्याला चार ओळी कोऱ्या ठेवणे जिवावर येते, हे समजण्यासारखे आहे. हाता-तोंडाशी आलेल्या पिकातला एक घास उपाशी ठेवायचा, तो ठेवावा कसा? पण त्या चार ओळींची तूट झालीच, तर काही शेरांची. आणि वर्षानुवर्षे न लागणारी बाटली घेत राहण्याची तूट किती, याचा हिशेब कोणीच मांडत नाही.

ताटातले जस्त

शेवटी आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. जस्त झाडाला लागते तसे माणसालाही लागते, हे ध्यानात यायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. आनंद प्रसाद हे भारतात जन्मलेले डॉक्टर. इराणात आणि नंतर इजिप्तमध्ये त्यांना वाढ खुंटलेले तरुण आढळले. वयाने मोठे, दिसायला पोरसवदा. १९६० च्या दशकात त्यांनी दाखवले की यामागे जस्ताची कमतरता आहे. या तरुणांचा आहार मुख्यतः रोटीचा होता, आणि धान्यातले फायटेट नावाचे द्रव्य असलेले जस्तही अंगी लागू देत नव्हते. येथेही तोच कुलपाचा न्याय!

दाणा भरताना पिकावर जस्त फवारले तर दाण्यातले जस्त वाढते, हे गव्हात उत्तम प्रकारे दिसून आले आहे, आणि कडधान्यांतही तसे प्रयोग झाले आहेत. म्हणजे शेतातली चिमूट अखेर पाटावर बसलेल्या मुलापर्यंत पोचू शकते. पण दाण्यातले कुलूप उघडण्याची एक किल्ली आपल्या आज्यांच्या हाती आधीपासून होती. वाल रात्रभर भिजवणे, फडक्यात बांधून मोड आणणे, मग सोलून बिरडे करणे, या खटाटोपात फायटेट कमी होते आणि दाण्यातले लोखंड व जस्त अंगी लागण्यास मदत होते. कोकणच्या घरांनी हे रुचीसाठी केले. गुण आपोआप पदरात पडला.

ज्यांना या साऱ्याचा पडताळा पाहायचा आहे, त्यांना शेत विकत घेण्याची गरज नाही. सारसोळ्याच्या आसपासच्या इमारतींतून बाल्कनीत कुंड्या असतातच, आणि त्यांच्याशेजारी सूक्ष्म अन्नद्रव्यांची एखादी बाटलीही असते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना सारख्या आकाराच्या सहा कुंड्या द्याव्यात. एकाच ढिगातली माती, एकाच पुडीतली चवळी. तीन कुंड्यांवर बाटलीवरच्या मापाने पातळ केलेले द्रावण फवारावे, तीन कुंड्यांवर नुसते पाणी. कुंड्यांना क्रमांक द्यावेत, आणि कोणत्या कुंडीला काय दिले ते मोजणाऱ्याला सांगू नये. कुंडीतली तांबडी माती लोखंडाने समृद्ध असते, तेव्हा कदाचित काहीच फरक दिसणार नाही. मुले हिरमुसली तर त्यांना सांगावे की हेही उत्तरच आहे, आणि ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे. मार्गशीर्ष सरेल तोवर शेंगा मोजायला आलेल्या असतील. मोजून झाल्यावर सहाही कुंड्यांची चवळी एकत्र करून तिची उसळ करायला हरकत नाही.